वरच्या उतारावरची माणसं

"तुम्हाला बर्फ नुसता बघायचाय, बर्फावर उभं राहायला शिकायचंय, की बर्फावरून जीव खाऊन खाली यायचंय? आधी ते सांगा. जॅकेटचं नंतर बघू."

रंगनाथ गोरे काउंटरवर दोन्ही हात टेकून विचारत होते. समोर हिंजवडीच्या कंपनीतलं एक तरुण जोडपं उभं होतं, अर्णव आणि सलोनी. शनिवार पेठेतल्या त्या अरुंद दुकानात गिर्यारोहणाचं आणि थंडीचं सामान भाड्यानं मिळायचं. छतापासून जमिनीपर्यंत जॅकेटं लटकलेली होती.

"बेसिकली अंकल, आम्हाला एक्स्पिरिअन्स घ्यायचाय," अर्णव म्हणाला.

"अनुभव काय, लक्ष्मी रोड ओलांडतानासुद्धा मिळतो. कुठे जाणार आहात?"

"तेच ठरत नाहीये. मी म्हणते सोलंग, हा म्हणतो गुलमर्ग," सलोनी म्हणाली.

"मग तुमचं भांडण जागेवरून नाहीच. सोलंगला जाणारा माणूस वेगळा आणि गुलमर्गला जाणारा वेगळा. सोलंगला लोक फोटो काढायला जातात. तासभर पायात स्की बांधायच्या, चारदा पडायचं, मॅगी खायची, यायचं. त्यात वाईट काही नाही. औलीला जाणारा शिकायला जातो. सकाळी उठून रांगेत उभा राहतो, मास्तर ओरडला तर ऐकून घेतो. नारकंड्याला जातात ती गर्दीला कंटाळलेली माणसं. आणि गुलमर्ग..." रंगनाथनी बोट वर केलं. "तिथे खालच्या मैदानावर सगळ्या तऱ्हेची माणसं असतात. पण गंडोल्यात, म्हणजे त्या दोरावरच्या पाळण्यात बसून पार वरच्या उतारावर जातात ना, ती जातच निराळी. त्यांना आखलेला रस्ता नको असतो."

आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसलेली हिरा मोहुर्ले हे ऐकून मनाशी हसली. मालक दर हिवाळ्यात हेच सांगत आणि बरोबर सांगत. हिराला त्यातलं काही सांगावं लागत नसे. परत आलेले कपडे धुणं, फाटलेलं शिवणं, चेन बदलणं हे तिचं काम. सोलंगहून आलेल्या जॅकेटांच्या बाह्यांना मेंदीचे डाग असायचे. औलीहून आलेल्या विजारी बुडावर आणि गुडघ्यांवर विटलेल्या असायच्या, खिशांत बामची डबी नाहीतर खाकऱ्याचा चुरा सापडायचा. वरच्या उतारावरून आलेली जॅकेटं खांद्यांवर फाटलेली असायची, झाडांच्या फांद्यांनी. त्यांचे खिसे बहुतेक रिकामे यायचे. त्या रिकाम्या खिशांची हिराला उगीचच भीती वाटे. एवढ्या लांब जाणारा माणूस बरोबर काहीच कसं नेत नाही, असं तिला वाटायचं. तिनं स्वतः बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गुऱ्हाळावर, पोत्यात गुंडाळलेला.

"अंकल, गुलमर्गसाठी ते रिफ्लेक्टरवालं जॅकेट असतं ना? मी व्हिडिओमध्ये बघितलं," अर्णव बाहेर विचारत होता.

"असतं. हे बघा." रंगनाथनी एक निळं जॅकेट ओढून काढलं आणि अस्तर उलटं करून दाखवलं. "इथे, काखेच्या खाली, हात लावून बघा. चपटी, कडक चकती लागते ना? हिला बॅटरी नाही, बटण नाही. माणूस बर्फाखाली गाडला गेला, तर शोधणारे वरून यंत्र फिरवतात. ही चकती त्या यंत्राला उत्तर देते. मग कुठे खणायचं ते कळतं."

"आणि ही नसली तर?"

"तर काठ्या खुपसत बसतात. सापडेल तिथे सापडेल."

आत मशीन थांबलं.

हिराचा पाय पायट्यावर तसाच राहिला. ती उठली, खिडकीतल्या बटणांच्या डब्यात तिनं हात घातला, आणि बटणांच्या, हुकांच्या, तुटक्या चेनच्या गर्दीत तिच्या बोटांना ती लागली. चपटी, कडक, काडेपेटीहून लहान.

गेल्या आठवड्यात प्रज्ञेश लिमयेच्या लाल जॅकेटाचं अस्तर बदलताना तिची सुई ह्या चकतीवर मोडली होती. कंपनीचं काही लेबल असेल म्हणून तिनं ती कात्रीनं उसवून काढली, नवं अस्तर सफाईनं बसवलं, वरून इस्त्री फिरवली. प्रज्ञेश जॅकेट न्यायला आला तेव्हा काखेखाली हात फिरवून म्हणाला होता, "मस्त झालंय हिरामावशी. कळतच नाही कुठे फाटलं होतं."

आणि मग आवाज उतरवून म्हणाला होता, "आईला औली सांगितलंय हां. ती कधी दुकानात आली तर तुम्ही सांभाळून घ्या."

तो रविवारी गेला होता. वरच्या उतारावर.

*

प्रज्ञेश पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा कॉलेजात होता आणि सोलंगला निघाला होता. मित्रांच्या घोळक्यात सगळ्यात मागे उभा, जॅकेट कोणत्या मापाचं घ्यावं हेसुद्धा न कळणारा. पुढल्या वर्षी तो एकटा औलीला गेला, शिकून आला. त्यानंतरच्या वर्षी गुलमर्ग. हिरानं त्याला असा एकेक पायरी वर चढताना त्याच्या कपड्यांवरून पाहिलं होतं. आधी डाग, मग विटलेले गुडघे, मग फाटके खांदे. त्याच्या बोलण्यातही फरक पडत गेला होता. आधी तो खूप सांगायचा, आताशा सांगायचाच नाही. "वर काय असतं रे?" असं तिनं एकदा विचारलं, तर म्हणाला, "काहीच नसतं मावशी. म्हणूनच जायचं."

हिरा चकती मुठीत धरून उभी होती. बाहेर अर्णव आणि सलोनी औलीवर राजी होत होते. आत्ता ही चकती खिशात घातली, घरी जाताना नदीत टाकली, तर जगात कुणाला कळणार नव्हतं. पोरगा आठ दिवसांनी हसत परत येईल. बहुतेक सगळे येतातच.

पण "कुठे खणायचं ते कळतं" हे मालकांचे शब्द तिच्या डोक्यातून हलेनात.

हिंजवडीत मोठाल्या इमारती उठत होत्या तेव्हा हिरा आणि तिचा नवरा हिंगणघाटकडून कामाला आले होते. नवरा गटाराच्या नळासाठी चर खणायच्या कामावर होता. एका दुपारी चराची भिंत बसली. लोक धावले, खणायला लागले, पण तो नेमका कुठे उभा होता हे कुणालाच आठवेना. कुणी म्हणे इकडे, कुणी म्हणे त्या नळापाशी. हिरा पोचली तेव्हा माणसं दोन जागी खणत होती आणि तो तिसऱ्या जागी होता. इतकी वर्षं झाली, पण मातीवर पाण्याचा टँकर उलटल्यासारखा ओला वास आला की तिला अजून दरदरून घाम फुटतो.

गिऱ्हाईक गेलं. हिरा बाहेर आली.

"मालक, मले तुमच्याशी बोलाचं हाय."

"पगार महिन्याच्या एक तारखेला असतो," रंगनाथ सवयीनं म्हणाले आणि मग त्यांनी तिचं तोंड पाहिलं. "काय झालं हिराबाई?"

तिनं मूठ उघडली. "लिमयेच्या पोराच्या लाल जाकिटातली हाय. सुई मोडली जी हिच्यावर. मले काय मालूम काय होतं ते. म्या काढली."

रंगनाथनी चकती हातात घेतली. दिव्याखाली ती उलटसुलट करून पाहिली.

"त्याच्याकडे बीपर असेल," ते शेवटी म्हणाले. "अंगाला बांधायचं यंत्र असतं, त्यानंही शोधतात. वर जाणारे बांधतातच." मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "आपल्याकडून नेलं नाही त्यानं. तिकडे घेतो म्हणाला होता."

"घेतलं असंल ना जी?"

"कसं सांगू?" त्यांनी फोन लावला. कानाशी धरला, पुन्हा लावला. "बंद. इकडचं प्रीपेड कार्ड काश्मिरात चालत नाही. ह्याचं प्रीपेडच असणार." ते खुर्चीत बसले. "चूक माझी आहे. इतकी वर्षं तुमच्या हातात जॅकेटं देतोय आणि आत काय असतं हे कधी सांगितलं नाही."

"चूक कोनाची ते मंग पाहू. तो वर जायच्या आधी त्याले सांगा लागते."

रंगनाथनी फोनवर तिकडच्या हवामानाची बातमी काढली आणि वाचता वाचता त्यांचा चेहरा आणखी ओढला. तीन दिवस बर्फ पडत होता. वरचा पाळणा बंद होता. आज सकाळी ऊन पडलं आणि तो सुरू झाला.

"आज सगळे वर धावणार," ते म्हणाले. "नव्या बर्फासाठीच तर थांबलेले असतात. आणि नवा बर्फच घसरतो."

"त्याच्या आईले ठिकाना मालूम असंल."

"आईला त्यानं औली सांगितलंय, असं तुम्हीच त्या दिवशी म्हणाला होतात ना?"

"हौ."

"मग?"

"मंग मीच जाऊन सांगते. घर पलीकडच्या गल्लीतच हाय. तुमी फोन लावा कोना कोनाले लावाचा तो. गुलमर्गवाले एकमेकांले वयखतात ना?"

*

हेमा लिमये शाळेतून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यापासून माय-लेक दोघंच राहत. त्यांनी दाराची साखळी न काढता विचारलं, "कोण आपण?"

"मी रंगनाथ गोरेंच्या दुकानात शिवनकाम करते, मॅडम. प्रज्ञेशबद्दल बोलाचं होतं."

"प्रज्ञेश गावाला गेलाय. सामानाचं काही असेल तर तो आल्यावर."

"मॅडम, तो कुठं उतरलाय ते पायजे होतं. फोन लागत नाई."

"औलीला रेंज नसते. त्यानं मला आधीच सांगितलंय. तिथे शिकवणारे असतात, डॉक्टर असतात, मी सगळं वाचून काढलं तेव्हाच जाऊ दिलं. काळजीचं काही नाही." आणि दार लागायला लागलं.

हिरानं दारावर हात ठेवला. असं तिनं आयुष्यात कधी कुणाच्या दारावर केलं नव्हतं.

"तो औलीले नाई गेला, मॅडम. गुलमर्गले गेला."

दार तसंच अर्धं राहिलं. साखळीच्या वर हेमाबाईंचे डोळे आधी रागावले, मग काही वेळानं साखळी निघाली.

"आत या. आणि हे तुम्हाला कोणी सांगितलं, ते नीट सांगा."

हिरानं सगळं सांगितलं. आधी औलीचं, मग चकतीचं. हेमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या उठल्या आणि प्रज्ञेशनं लिहून दिलेल्या औलीच्या वसतिगृहाच्या नंबरावर फोन लावला. स्वच्छ, व्याकरणशुद्ध हिंदीत त्यांनी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, पुन्हा आडनाव सांगितलं. पलीकडचा माणूस नम्रपणे सांगत होता की असं कुणी इथे आलेलं नाही.

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षीही औलीच म्हणाला होता."

हिरा त्या ठेवलेल्या फोनकडे बघू लागली.

"मागच्या वर्षीही नव्हता का गेला?"

"नाई."

"तुम्हाला माहीत होतं."

"हौ."

"आणि तुम्ही गप्प बसलात. का?"

हिरानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तो सांगत व्हता तवा लई खूश दिसत व्हता, मॅडम. म्हनून."

हेमाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या काहीतरी फार तिखट बोलणार होत्या. तेवढ्यात हिराचा फोन वाजला. रंगनाथ होते.

"घ्या नंबर. कोथरूडचे डॉक्टर सलिल आहेत ना, दरवर्षी वर जाणारे, त्यांच्याकडून मिळाला. ते म्हणाले, प्रज्ञेश तिथल्या मुश्ताक नावाच्या वाटाड्याबरोबरच फिरतो, मुश्ताकच्या घरीच उतरतो. मुश्ताकचा फोन लागत नाहीये. हा त्याच्या घरचा. तुमचं हिंदी माझ्यापेक्षा बरं आहे, तुम्हीच बोला."

हिरानं नंबर लावला. बराच वेळ घंटी वाजली. मग एका बाईचा आवाज आला, घाईतला, मागे पोराबाळांचा गलका.

"बहन, मैं पूना से बोल रही. तुम्हारे यहाँ वो प्रज्ञेश है ना? लाल जाकिट वाला?"

"प्रज्ञेश भाई? वो तो सुबह निकल गए, इनके साथ। आज ऊपर का खुला है ना।"

हेमाबाई भिंतीला टेकल्या. त्यांना पलीकडचं ऐकू आलं होतं.

"बहन, उसके जाकिट में वो चीज नहीं है, जिससे बर्फ के नीचे आदमी मिलता है. मैंने निकाल दी. गलती से. उसको बोलो ऊपर नहीं जाना. तुम्हारे आदमी को बोलो."

त्या बाईनं प्रश्न विचारले नाहीत. बर्फाजवळ राहणाऱ्या बाईला एवढं पुरेसं होतं.

"ऊपर फ़ोन लगता नहीं हर वक़्त। मेरा देवर बीच वाले स्टेशन पर है, गंडोले पर काम करता है। उसको बोलती हूँ। आपका नंबर यही है? मेरा नाम शमीमा है।"

"मैं हिरा."

*

मग काही करण्यासारखं उरलं नाही, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

हेमाबाईंनी टीव्ही लावला, बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. ते उकळून उकळून आटलं तरी त्यात पत्ती पडली नाही. हिरानं उठून गॅस बंद केला. दोघी जेवायच्या टेबलाशी समोरासमोर बसल्या, मधे हिराचा फोन.

"त्याचे बाबा होते तेव्हा सिंहगडसुद्धा गाडीनं चढायचे," हेमाबाई अचानक म्हणाल्या. "मी पाण्याला भिते. उंचीला भिते. हा कुणावर गेला?"

"माही पोरगी अमरावतीले दिली. तिले पोहाले येते. मले नाई येत."

"तिनं तुम्हाला विचारलं होतं, शिकू का म्हणून?"

"नाई. शिकल्यावर सांगतलं."

हेमाबाईंच्या ओठांच्या कडेला हसू आल्यासारखं झालं आणि लगेच गेलं.

फोन वाजला तेव्हा दोघींचे हात एकदम पुढे झाले. हिरानं उचलला.

"हिरा बहन?" शमीमाचा आवाज आता वेगळा होता. मागे पोरांचा गलका नव्हता. कुणीतरी त्यांना गप्प केलं होतं. "ऊपर बर्फ़ आई है। बड़ी वाली। नीचे तक आवाज़ आई। कौन-कौन है, किसी को पता नहीं। देवर का फ़ोन भी नहीं लग रहा।"

"खबर पहुँची थी क्या उसको? प्रज्ञेश को?"

"मालूम नहीं, बहन। मुझे कुछ मालूम नहीं।"

फोन कटला. हिरानं तो टेबलावर ठेवला. काय ऐकलं ते हेमाबाईंना सांगायची गरज पडली नाही. त्या उठल्या आणि प्रज्ञेशच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. आत गेल्या नाहीत. हिराला त्यांच्याजवळ जावंसं वाटलं आणि धैर्य झालं नाही. तिच्या डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र काहीतरी पसरलं होतं, आणि त्यावर माणसं काठ्या खुपसत होती, कुणी म्हणे इकडे, कुणी म्हणे तिकडे. बर्फ कसा असतो हे तिला माहीत नव्हतं. म्हणून त्या बर्फाला मातीचा वास येत होता.

खाली गल्लीत भाजीवाला आला, ओरडला, गेला. शाळा सुटली. जिन्यात पोरांचे पाय वाजले. दोनदा रंगनाथांचा फोन येऊन गेला. दोन्ही वेळा त्यांनी "काही?" एवढंच विचारलं आणि हिरा "नाई" म्हणाली.

मग हेमाबाईंचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

त्यांनी तो कानाला लावला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. हिराला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. तिनं हेमाबाईंच्या तोंडाकडे डोळे लावले.

"तू जेवलास का?" हेमाबाई म्हणाल्या.

हिरानं त्यांना दंडाला धरून खुर्चीवर बसवलं. फोन त्यांच्या हातातून टेबलावर पडला आणि त्यातून प्रज्ञेशचा बारीक आवाज येत राहिला, "आई? आई?" हिरानं तो उचलला.

"प्रज्ञेश, मी हिरामावशी."

"मावशी!" तो रडत होता. एवढा मोठा पोरगा. "मावशी, निरोप मिळाला. मधल्या स्टेशनवर. मुश्ताकभाईंनी बीपर दिला होता मला, पण तुमचा निरोप ऐकला आणि म्हणाले, चकती नाही तर आज नाही, तू इथेच बस. मी भांडलो त्यांच्याशी. किती भांडलो! म्हटलं बीपर आहे ना. ते ऐकेचनात. मला बसवून बाकीच्यांना घेऊन गेले."

"तू बरा हायस ना? लागलं नाई ना?"

"मला काही झालं नाही. पण तो इंदूरचा मुलगा होता आमच्यात... मावशी, त्याच्याकडे सगळं होतं. चकती होती, बीपर होता, सगळं नवीन. आम्ही रोज एकत्र जेवायचो. तो सापडत नाहीये. बाकीचे आले. मुश्ताकभाई वरच आहेत, शोधतायत. सगळे म्हणतायत अजून येऊ शकतो वरून, खाली या, तर ते येत नाहीयेत."

"तू हलू नको तिथून. आईशी बोल."

हेमाबाईंनी फोन घेतला. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. हळू आवाजात, शाळेत लहान मुलाला पाढे म्हणून दाखवावेत तसं सांगत राहिल्या, की आता खाली उतर, गरम काहीतरी पी, पायमोजे बदल, मी इथेच आहे, फोन चालू ठेव. फोन संपल्यावर त्यांनी तो पालथा ठेवला.

"तुम्ही आता जा," त्या हिराकडे न बघता म्हणाल्या. "रागानं नाही म्हणत. मला जरा एकटीला बसू दे."

हिरा दारापर्यंत गेली तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. "त्यानं परत कधी काही सांगितलं ना तुम्हाला..."

"तुमाले येऊन सांगीन."

"नाही," हेमाबाई म्हणाल्या. "त्यालाच म्हणा, आईला सांग. मी नाही म्हणणार नाही, म्हणावं. म्हणजे म्हणेन. पण सांग म्हणावं."

*

संध्याकाळ व्हायला लागली होती. हिरा जिना उतरून खाली आली. ती इमारतीच्या पायरीवर बसली. मालकांना फोन केला. पोरगा सुखरूप आहे म्हणून सांगितलं, इंदूरच्या पोराचंही सांगितलं. मग ते म्हणाले, "घरी जा हिराबाई. दुकान मी बंद करतो." आणि ती फोन ठेवणार तेवढ्यात, "इंदूरच्या त्या पोरालाही बहुतेक कुणीतरी सांगून धाडलं असेल, हे घाल म्हणजे काही होत नाही."

हिरा तशीच बसून राहिली. रस्त्यावर दिवे लागले. बुधवार पेठेकडून माणसांचे लोंढे येत होते, पिशव्या घेऊन, मुलांना हाताला धरून. देवासाठी हार घेऊन निघालेली एक बाई तिला ओलांडून आत गेली. आपण घरी का जात नाही हे हिराला कळेना. पोरगा वाचला होता. तिच्या हातून घडता घडता जे राहिलं, ते राहिलं होतं. तरी तिला पायरीवरून उठावंसं वाटेना. आणि मग तिच्या लक्षात आलं, की तिकडे एक घर अजून तसंच आहे. प्रज्ञेशचं कळलं आणि सगळ्यांनी आपापले फोन ठेवून दिले. त्या बाईला कुणी विचारलंच नव्हतं.

तिनं नंबर लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"आए?" शमीमानं विचारलं. तिला वाटलं, खबर देणारा फोन आहे.

"मैं हिरा, बहन. पूना से. तुम्हारे आए क्या?"

"नहीं।" थोडं थांबून, "अँधेरा हो रहा है।"

"कोई है तुम्हारे पास?"

"बच्चे हैं। देवर भी ऊपर गया ढूँढने।"

येतील म्हणावं, तर तिला माहीत नव्हतं. तिच्या वेळी सगळेच म्हणत होते, निघेल, निघेल, जिवंत निघेल.

"मैं फोन नहीं रखती," ती म्हणाली. "तुम काम करना है तो करो. मैं इधर है."

शमीमानं नको म्हटलं नाही. फोन तिनं कुठेतरी ठेवला असावा, कारण मग भांडं सरकल्याचा आवाज आला, एक पोर काहीतरी म्हणालं, शमीमा काहीतरी म्हणाली. मधेच जवळ येऊन ती विचारायची, "हो आप?" आणि हिरा म्हणायची, "हाँ, है." बाकी दोघी बोलल्या नाहीत. हिराच्या कानाला फोन गरम लागायला लागला. तिनं कान बदलला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग तिकडे दार वाजलं. जड बूट लाकडावर आपटल्याचा आवाज आला, एकाचे, मग आणखी एकाचे. पोरं ओरडली. शमीमा धावली असावी. तिच्या भाषेत ती पुन्हा पुन्हा एकच काहीतरी विचारत होती. हिराला त्यातला एकही शब्द कळला नाही. उत्तर आलं नाही. बराच वेळ आलं नाही. आणि मग एक पुरुष मोठ्यानं, लहान मुलासारखा रडायला लागला.

मुश्ताक घरी आला होता. इंदूरच्या पोराला न घेता आला होता.

फोनची कुणालाच आठवण राहिली नव्हती. हिरानं तो कानापासून काढला नाही आणि बंदही केला नाही. गल्लीतून एक स्कूटरवाला कर्कश हॉर्न वाजवत आला, तेव्हा तिनं फोनच्या तोंडावर पटकन तळहात धरला, पुण्याचा आवाज त्या घरात जाऊ नये म्हणून.